हापश्याखाली धरलेला हात

गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते. दुरुस्तीसाठी घालवतात म्हणे. इतकी वर्षं दर गुरुवारी दुरुस्ती चालली आहे, पण लाईट काही सुधारलेली मला दिसत नाही. एरवी ती सकाळचं दूध घालून झाल्यावर जाते, म्हणून कुणी ओरड करत नाही. त्या गुरुवारी ती उजाडायच्या आधीच गेली.

आमचं गाव वडिवळ्याच्या धरणाखालच्या अंगाला आहे. भाताचं गाव. भातावर वर्षाचं खाणं निघतं आणि वरचं सगळं दुधावर चालतं, त्यामुळे दारात एखादी तरी म्हैस असतेच. सगळ्यांचं दूध गावातल्या डेअरीत जातं. डेअरी म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि फॅट काढायचं मशीन. दुधात मलई किती ते मशीन सांगतं, त्याला फॅट म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले. फॅट हा शब्द आमच्या शाळेत नव्हता, तो मला म्हशीनं शिकवला.

मशीनवर बसते ती माझ्या धाकट्या जावेची सून, मला मोठ्या आत्या म्हणते. तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं. तळेगावची पोरगी, दुधाचाच कसलासा कोर्स केलेली. सून खुर्चीवर बसते याचा माझ्या जावेला तोरा होता आणि ती पंजाबी ड्रेस घालून बसते याचा राग होता. दोन्ही एकाच वेळी. ड्रेसवरसुद्धा हातात लग्नातला हिरवा चुडा मात्र पुरा असायचा. पहिला दिवाळसण झाल्याशिवाय चुडा हातातून काढायचा नाही, ही आमच्या घरातली रीत आहे. जाऊ रीतीला फार धरून असते. माझा चुडा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मला आता त्याचं काही नाही.

तर त्या गुरुवारी डेअरीसमोर रांग लागली आणि मशीन बंद.

"आबा, लाईट नाही. आजचं दूध कालच्या फॅटनं लिहू का?" पोरीनं विचारलं.

आबा म्हणजे आमच्या डेअरीचे चेअरमन. वयानं माझ्याहून लहान आहेत, पण खुर्चीमुळे गावाचे आबा झालेत.

"कालच्या फॅटनं?" आबा म्हणाले. "म्हंजे काल ज्यानं चांगलं घातलं त्यानं आज खुशाल पाणी घालून आणावं?"

"माझ्याकडं बघून का बोलता?" मी म्हणाले.

"तुमच्याकडं कुटं बघतोय वहिनी? मी समद्यांकडं बघतोय."

"समद्यांकडं बघताना मान माझ्याकडंच वळती तुमची."

रांग हसली. आबा हसले नाहीत. आदल्या आठवड्यात आमच्या गावाचं दूध पातळ आहे म्हणून वरच्या दूध संघातून परत आलं होतं आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं. त्यांनी कपाट उघडलं आणि जुनं सामान बाहेर काढलं.

मशीन यायच्या आधी आमच्याकडे फॅट ॲसिडवर काढायचे. एक जाड काचेची नळी असते. तिच्यात आधी ॲसिड घालतात, त्यावर दूध, मग एक वासाचं औषध. वर रबरी बूच दाबून बसवायचं आणि नळी हलवायची. ॲसिड आणि दूध मिसळलं की नळी इतकी तापते की उघड्या हातात धरवत नाही, फडक्यात गुंडाळावी लागते. आतलं दूध काळपट होतं. मग हातानं फिरवायच्या चक्रात नळ्या घालून गरागरा फिरवल्या की मलई वर येते आणि नळीवरच्या रेघांवर मोजता येते. हे आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. ॲसिडात ओलं काही पडलं की ते उकळतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेच ठाऊक असणं त्या सकाळी आडवं आलं.

"आबा, ही बुचं कडक झालीत," पोरगी बूच दाबून बघत म्हणाली. "यांना आता पकड नाही."

"तुज्या लग्नाच्या आदीपासून हीच बुचं हायत. कदी काय झालं न्हाई. बूच दाबून बसव आणि हलव."

ती नवी सून. काय बोलणार? तिनं चष्मा नीट केला, फडकं घेतलं आणि कामाला लागली. काम मात्र नेटकं करत होती. पहिल्या काही नळ्या सुरळीत झाल्या. माझी पण झाली. फॅट बरी लागली, ती मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवायला लावली आणि किटली विसळायला बाहेर आले.

डेअरीच्या समोरच हापसा आहे. घरोघरी नळ आल्यापासून त्याच्याकडे कुणी बघत नाही. लाईट नसेल तेव्हाच त्याची आठवण होते. मी दांड्याला हात घालणार इतक्यात आत आवाज झाला. मोठा नव्हे, बाटलीचं झाकण उडाल्यासारखा. आणि लगेच पोरीची किंकाळी.

ती पळतच बाहेर आली. उजवा हात अंगापासून लांब धरलेला. बाहीवर, मनगटावर, बोटांवर काळपट ओघळ होते. चष्म्याच्या काचेवर थेंब होते. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, हे नंतर कळलं. मानेच्या बाजूलाही शिंतोडे उडालेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या ओढणीला भोकं पडत होती, जशी काही कुणी आतून उदबत्ती लावतंय.

"पाणी! पाणी घाला!" ती ओरडत होती.

तिच्यामागून आबा धावत आले. "पाणी न्हाई! कुणी पाणी घालू नका! ॲसिड हाय, हात उकळून निघंल पोरीचा!"

झालं. सगळे जागच्या जागी थिजले. आबांनी उगाच सांगितलं असं कुणालाच वाटेना. नळी तापताना सगळ्यांनी पाहिली होती. शिवाय भाजल्यावर पाणी लावलं की फोड येतो, हे आमच्याकडे सगळे आधीपासूनच मानतात. मीसुद्धा मानत होते.

माझी जाऊ रांगेत होती. ती किटली घेऊनच धावली. "दूध वता, दूध गार असतंय," म्हणत तिनं अर्धी किटली पोरीच्या हातावर रिकामी केली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखूची डबी उघडली. "आंबटावर चुना लावा, चुना त्याला मारतो," असं म्हणून त्यानं बोटभर चुना तिच्या कोपराला पुसलादेखील. पोरगी आणखीनच किंचाळली आणि त्याचा हात झिडकारून हापश्याकडे आली. हापश्याच्या तोंडाखाली तिनं हात धरला. पण एका हातानं हापसा मारणार कसा?

"मोठ्या आत्या, मारा ना! थोडं पाणी नको, खूप पाणी! खूप घातलं की वाहून जातं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दांडा माझ्या हातात होता.

मी काही फार विचार केला असं नाही. एवढंच डोक्यात आलं की तापलेल्या तव्यावर चार थेंब शिंपडले तर ते तडतडतात, पण तोच तवा नेऊन मोरीत धरला आणि वरून बादली ओतली तर गार होतो. आणि दुसरं असं, की हात तिचा जळत होता. जिचा हात जळतोय ती पाणी मागते आहे आणि ज्यांचा जळत नाही ते नको म्हणताहेत. मग ऐकायचं कुणाचं?

"वहिनी, ऐका माझं," आबा पुढे आले.

"सरका," मी म्हणाले आणि दांडा दाबला.

पाणी आलं नाही. न वापरलेला हापसा, पाणी खाली उतरलेलं. दांडा नुसता कुईकुई करत होता. मी मारत राहिले. पोरगी दात आवळून तोंडाखाली हात धरून उभी होती आणि हापश्यातून फक्त हवा येत होती. त्या वेळी माझ्या तोंडून हापश्याला ज्या शिव्या गेल्या त्या इथं लिहीत नाही. मग एकदम आतून घरघर आली आणि जाड धार पडली. आधी तांबूस, मग स्वच्छ. आमच्या हापश्याचं पाणी भर उन्हाळ्यात दातांना लागतं इतकं गार आहे.

हात उकळला नाही. वाफही आली नाही. काळपट पाणी खाली वाहून गेलं.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"मारत राहा, थांबू नका," एवढंच ती म्हणाली.

माझं वय झालेलं. थोड्याच वेळात खांदे भरून आले. मी ओरडले, "बघत काय उभे ऱ्हायलाय? दांडा धरा कुणीतरी!" मग एक जण आला, तो दमल्यावर दुसरा आला. चुनेवाला म्हातारासुद्धा आला. दुधाची रांग हापश्याच्या रांगेत बदलली. मी पोरीजवळ गेले. किटलीच्या झाकणानं धार अडवून पाणी मानेवर सोडायला लागले, चष्मा काढून तोंडावरूनही सोडलं.

तेव्हा ती म्हणाली, "ड्रेस... बाही चिकटलीय. आतनं जळतंय."

मी बाही ओढायला गेले तर ती मागे सरली. "डोक्यावरून नका काढू, तोंडाला लागेल. कापा."

आजूबाजूला सगळे बाप्ये. मी म्हणाले, "बाप्यांनो, तोंडं फिरवा. ज्याचा हात दांड्यावर हाय त्यानं डोळे मिटून मारा." बायका न सांगता गोल उभ्या राहिल्या आणि पदर पसरून आडोसा केला. डेअरीतली कात्री आणली. बाही खांद्यापासून कापून काढली, गळाही कापला. माझ्या अंगावर जुनी शाल होती ती डाव्या बाजूनं तिला गुंडाळली, कारण आता ती थंडीनं कुडकुडायला लागली होती.

आणि मग बांगड्या राहिल्या.

चुडा मनगटापासून वर गच्च भरलेला. धार वरून पडत होती, पण बांगड्यांच्या आत पोचत नव्हती. ती सारखी म्हणत होती, "इथं, बांगड्यांखाली, इथं जास्त आहे." मी एक बांगडी सरकवून बघितली. हात सुजायला लागला होता, ती हलेना. कासारानं घालताना तेल लावून, हात दाबून घातलेल्या बांगड्या, अशा कशा निघतील?

"वाढवायला लागंल," मी म्हणाले. आमच्याकडे बांगडी फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

माझ्या जावेनं माझं मनगट धरलं. "न्हाई आक्का. चुडा न्हाई. अजून दिवाळसण व्हयाचाय."

"हात जळतोय तिचा."

"समदं करा, पण चुडा नगं. आणि..." ती अडखळली. "तुमी तरी हात लावू नगा."

सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. जावेला पुढचं बोलवेना, म्हणून मीच बोलले. "मी रंडकी हाय म्हणून? मंग तू वाढव. तू सवाशीण हायस. घे."

तिनं हात पुढे केला. एका बांगडीला नख लावलं आणि रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिचा मुलगा कंपनीत यंत्रावर काम करतो. चुड्याला काही झालं तर त्याच्यावर संकट येईल, असं तिला खरोखर वाटत होतं. पण माझ्यासमोर तिचा मुलगा नव्हता, पोरीचा हात होता.

मी पोरीला विचारलं, "तुजं काय म्हणणं?"

"फोडा मोठ्या आत्या. लवकर."

मी तिचा हात धारेतच वर धरला, म्हणजे बांगड्या कातडीपासून जरा सुट्या झाल्या. किटलीची कडी काढली आणि एकेक बांगडी बाहेरच्या बाजूनं टिचकी मारल्यासारखी फोडली. काचा पाण्याबरोबर खाली पडत गेल्या. एक-दोन ठिकाणी तिला कापलं, मलाही कापलं. डाव्या हातातला चुडा तसाच ठेवला, त्याला काही झालेलं नव्हतं. उजव्या हातातला सगळा गेला तेव्हा खालची कातडी दिसली. मनगटाला गोल पांढरट पट्टा पडला होता. बाकीचा हात लाल होता, पण तो पट्टा पांढरा होता. लाल बरं असतं, एवढं मला कळतं.

आता धार थेट तिथं पडायला लागली. पोरीनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

एवढ्यात आबांचा फोन लागला. ते कधीपासून कामशेतच्या दवाखान्याला फोन लावत होते. पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"पाणी घालताय का पेशंटला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"व्हय व्हय मॅडम," आबा म्हणाले, "आमी पयल्यापासून पाणीच घालतोय."

दांड्यावरचा माणूस डोळे मिटलेले असूनही हसला. पोरगीसुद्धा रडता रडता हसली. मीही हसले. आबांना काय म्हणणार?

"घालत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगलं अर्धा तास तरी वाहतं पाणी हवं. तेल नको, हळद नको, चुना नको, टूथपेस्ट नको. बर्फसुद्धा नको. अंगठ्या-बांगड्या असतील तर काढून टाका, हात सुजतो. मग घेऊन या."

बांगड्यांचं ऐकलं तेव्हा मी मुद्दाम जावेकडे बघितलं नाही. तिनं ऐकलं होतं, तेवढं पुरे. कोपराला लागलेला चुना मी बोटानं चोळून धुऊन काढला.

दूध न्यायचा टेम्पो आला तेव्हा त्यातूनच जायचं ठरलं. दुधाचे कॅन रस्त्यात उतरवले. एक रिकामा कॅन हापश्यावर भरून घेतला. मी मागे पोरीजवळ बसले आणि दुधाच्या मापानं वाटभर तिच्या हातावर पाणी ओतत राहिले. टेम्पोच्या फळीवरून ते मागे रस्त्यावर गळत होतं. जाऊ समोर बसली होती, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण खड्डा आला की कॅन कलंडू नये म्हणून पायानं धरून ठेवत होती.

कामशेतला डॉक्टरीणबाईंनी हात बघितला. "काय लावलंत?"

"पाणी," मी म्हणाले. "आणि आधी किटलीभर दूध आन् बोटभर चुना. पण ते धुतलं."

त्यांनी कागदाची एक पट्टी ओल्या हातावर टेकवली आणि रंग बघितला. म्हणाल्या, ॲसिड गेलंय. मग सलाईन लावलं, दुखायचं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, हात स्वच्छ कापडात गुंडाळला आणि तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आणखी धुतलं, मलम लावून पट्टी बांधली. ते म्हणाले, "बऱ्याच ठिकाणी वरवर आहे. पण मनगटापाशी किती खोल गेलंय ते आज सांगता येत नाही. काही दिवसांनी पट्टी उघडली की कळेल. खोल असेल तर मांडीचं कातडं काढून तिथं लावावं लागेल. आणि सांधा आहे, बोटं आखडू शकतात."

म्हणजे काय ते त्यांनी पुढे सांगितलं नाही. आम्हाला कळलं. उजवा हात होता.

ते मधले दिवस मला अजिबात आवडले नाहीत. पोरगी घरी आली. जाऊ तिला भरवत होती, वेणी घालून देत होती. मुलगा सुट्टी काढून बसला होता. मी रोज संध्याकाळी जात होते. जाऊ चहा द्यायची, पण बोलायची नाही. गावात दोन तट पडले. एक म्हणायचे, म्हातारीनं हात वाचवला. दुसरे म्हणायचे, म्हातारीनं नव्या नवरीचा चुडा वाढवला. मी दोघांनाही म्हणायचे, पट्टी उघडू द्या, मग बोला. आबांनी ॲसिडची बाटली परत पाठवून दिली आणि मशीनला बॅटरी घेतली. रोज पोरीची चौकशी करायला यायचे, पण उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. एक दिवस मी म्हणाले, "आत या आबा, ती काय चावत न्हाई." ते म्हणाले, "वहिनी, बुचं मीच लावायला लावली." मी म्हणाले, "व्हय. तुमीच." खोटं कशाला सांगायचं? मग ते आत आले आणि पोरीला म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आबा, नवीन बुचं आणली असतीत तर एवढं झालं नसतं. आता मशीनची पण वेळच्या वेळी तपासणी करा." तिचं हे बोलणं मला आवडलं. हात भाजला होता तरी डोकं जाग्यावर होतं.

पट्टी उघडायच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडवायला घेतली तशी जावेनं माझा दंड पकडला. तिला ते कळलंही नसेल. नखं रुतली माझ्या कातडीत.

बोटांवरची, हाताच्या वरच्या अंगाची कातडी सोललेली होती, पण खालची गुलाबी, लहान पोराच्या गालासारखी दिसत होती. मानेवरचे ठिपके सुकले होते. मनगटाचा पट्टा अजून पांढरट पिवळा होता. डॉक्टर तिथं बराच वेळ बघत राहिले. सुईच्या टोकानं हळूच टोचलं.

"लागतंय?"

"लागतंय," पोरगी म्हणाली.

"इथं?"

"आई गं! हो, लागतंय."

तिचं "आई गं" ऐकून डॉक्टर हसले. मला आधी ते विचित्रच वाटलं. मग ते म्हणाले, "लागतंय म्हणजे चांगलं आहे. आतपर्यंत गेलेलं नाही. ऑपरेशन लागणार नाही. वेळ लागेल, थोडा डाग राहील, पण आपलं आपण भरून येईल." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बांगड्यांखाली अडकलं होतं ना? म्हणून तेवढ्या गोलात जास्त आहे. आणखी थोडा वेळ तिथं राहिलं असतं तर सांगता आलं नसतं."

जावेनं दंड सोडला. "मला काय ठाऊक हुतं," ती म्हणाली. डॉक्टरांना की मला, कुणास ठाऊक.

"मला तरी कुटं ठाऊक हुतं," मी म्हणाले. "तिला ठाऊक हुतं."

डॉक्टरांनी बोटं मिटायला सांगितली. पोरीनं हळूहळू मूठ वळली. पुरी नाही मिटली, पण मिटली. उघडली. पुन्हा मिटली. रोज घरी असंच करायचं, कातडी आखडू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि बोटं मोकळी ठेवून नवी पट्टी बांधली.

खाली आल्यावर वडे तळल्याचा वास आला. इतके दिवस मला भूक म्हणून लागली नव्हती, ती आता एकदम लागली. मी समोरच्या टपरीवर बसले आणि दोन वडापाव एकामागून एक खाल्ले. जाऊ माझ्याकडे बघत बसली होती.

"आक्का, सावकाश खा. ठसका लागंल."

त्या गुरुवारनंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हणाले, "पाणी दे मंग."

घरी आल्यावर जावेनं ताटं वाढली. गरम भात, वर आमटी. सवयीनं ती सुनेच्या ताटाशी बसली आणि घास करायला हात पुढे केला. पोरीनं तिचा हात अलगद बाजूला केला. तळहातावर आणि बोटांच्या आतल्या बाजूनं ॲसिड लागलेलं नव्हतं. तेवढी बोटं तिनं भातात घातली, आमटीत भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. अर्धा भात ताटाबाहेर सांडला.

"सांडतंय की समदं," जाऊ म्हणाली.

"सांडू दे," मी म्हणाले.

पोरगी जेवत राहिली, घासागणिक जरा कमी सांडत. तिचं ताट पुरं होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले. पलीकडे माझ्या दारात म्हैस हंबरत होती, धार काढायची वेळ टळून गेली होती. हंबरू दिलं तिला.